वांगी रंगाचा अ‍ॅम्प्लिफायर

आशाबाई त्या दिवशी निघाली होती ती फक्त मिक्सर बघायला. स्वयंपाकघरातला नव्हे हो, साउंडचा. गणपती तोंडावर आले होते आणि दुकानातल्या जुन्या मिक्सरने खरखर मांडली होती. मागच्याच आठवड्यात एका साखरपुड्यात मुलीच्या मामांचं भाषण ऐन रंगात आलेलं असताना तो असा काही किंचाळला, की मामांनी दचकून माईकच टाकून दिला. दीर म्हणाला, "वहिनी, याला आता गंगेत सोडा." म्हणून ती दोघं हायवेवरच्या एका मंगल कार्यालयात साउंडवाल्यांचं प्रदर्शन भरलं होतं, तिथे गेली. साल दोन हजार सहा. तेव्हा नाशकात लाइट इतकी जायची, की गेली म्हणून कुणी बोलायचंसुद्धा नाही. आली की मात्र पोरं ओरडायची.

आशाबाईचं नाशकातल्या द्वारका चौकाजवळ भाड्याने स्पीकर देण्याचं दुकान. पाटीवर नाव नवऱ्याचं, वाल्मीक साउंड सर्व्हिस. वाल्मीकला जाऊन तेव्हा दहा वर्षं होत आली होती. दिंडोरीकडच्या बागाईतदाराचा पोरगा. बापाला वाटायचं, याने पाठीवर फवारणीचा पंप घ्यावा. याने गळ्यात गिटार घेतली आणि नाशकात येऊन ऑर्केस्ट्रात शिरला. विकतचा अ‍ॅम्प परवडेना, म्हणून मालेगावच्या जुन्या बाजारातून मोडके रेडिओ आणायचा, त्यातले काचेचे व्हॉल्व्ह काढायचा आणि स्वतःच अ‍ॅम्प बनवायचा. घर म्हणजे नुसता तारांचा उकिरडा. आशाबाई कुरकुर करायची, पण त्या कुरकुरीत दम नव्हता, हे दोघांनाही माहीत होतं.

अ‍ॅम्प तपासायची त्याची एक रीत होती. हा बाहेरच्या खोलीत गिटार घेऊन बसणार, ती आत स्टोव्हपाशी. स्टोव्ह भणभणतोय, कढईत फोडणी तडतडतेय, मध्ये भिंत. हा चार सूर वाजवणार आणि माईकमधून विचारणार, "आशा, येतंय का गं?" तिने आतून "येतंय!" म्हटलं की हा खटका खाली करणार, काम संपलं. आणि ती गप्प राहिली तर? तर हा पठ्ठ्या तासभर विचारत बसेल, पण खटका बंद करणार नाही. मंडपातही हीच रीत. एक जण स्टेजवर, एक जण पार लांब, आणि लांबच्याने ओ दिल्याशिवाय कुणी जागचं हलायचं नाही.

तर प्रदर्शनात नव्या डीजेवाल्यांनी असा धुरळा उडवला होता, की खिडक्यांची तावदानं थरथरत होती. बाहेरचा उजेड नको म्हणून सगळ्या खिडक्यांना काळं कापड मारलेलं. मिक्सर पाहून झाला, पसंत पडला. निघता निघता दिराला, म्हणजे शेखरला, कोपऱ्यात एक शांत स्टॉल दिसला. नुसते गिटारचे अ‍ॅम्प. जुने, व्हॉल्व्हवाले. काही परदेशी, चामड्याच्या मुठीचे. काही हौशी लोकांनी घरी एकेक करून बनवलेले. स्टॉलवाला ललित नावाचा मुंबईचा तरुण होता, बोलायला गोड. म्हणाला, "घ्यायलाच पाहिजे असं नाही. वाजवून तर बघा."

शेखरला भावाने शिकवलेली दोन-तीन गाणी येत होती, तेवढ्यावर त्याने गिटार घेतली. एका अ‍ॅम्पमधून ती धारदार निघाली, दुसऱ्यातून जाडसर, घोगरी. तिसऱ्याचा आवाज वाढवला तर सूर कडेने जरा फाटायचे, आणि तेच गोड लागायचं. आशाबाई एव्हाना सवयीने मागे मागे जात पार भिंतीला टेकली होती आणि तिथून 'येतंय' म्हणून हात वर करत होती.

"काकू, जवळ येऊन ऐका ना," ललित हसला.

"जवळून सगळेच चांगले वाटतात रे," ती म्हणाली.

आणि तिथूनच तिला ते खोकं दिसलं. टेबलाखाली, मागे सरकवलेलं. पुढच्या जाळीचं कापड वांगी रंगाचं, त्यावर बारीक जरीची बुट्टी.

ते कापड तिच्याच साडीचं होतं. ती साडी तिच्या मामांनी दिलेली होती. एकदाच नेसलेली. वाल्मीकने न विचारता कापली, आणि वर म्हणतो कसा, "अगं, इतकं झिरझिरीत कापड बाजारात मिळत नाही." दोन दिवस ती त्याच्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तो खोकं उचलून तिच्यापुढे धरून उभा राहिला आणि म्हणाला, "आता तू घरात नि ही माझ्यासोबत." तिला हसू फुटलं, भांडण मिटलं. सटाण्याच्या कार्यक्रमाहून परतताना मालेगावजवळ ऑर्केस्ट्राचा टेम्पो उलटला, तेव्हा हाच अ‍ॅम्प त्यात होता. वाल्मीकला घरी आणलं. गिटारचे तुकडे आणले. अ‍ॅम्प कुणी उचलला, ते कधी कळलंच नाही.

आशाबाई खाली बसली. बोटांनी जाळी चाचपली. कडेची शिवण तिच्याच हातची होती.

"हा लाव," ती म्हणाली.

"तो नाही चालत, काकू. भंगारातून आणलाय. हाताने बनवलेला आहे म्हणून नुसता बघायला ठेवलाय." ललितने खोकं फिरवून पाठ दाखवली. व्हॉल्व्ह बसवायची भोकं रिकामी होती, आत कोळ्यांनी जाळी धरलेली. वायरसुद्धा मुळापासून कापलेली. "बघा, आत काहीच नाही."

तेवढ्यात लाइट गेली.

सगळा धुमधडाका एकदम बंद. भर दुपारी त्या हॉलमध्ये अंधार पसरला. लांब कुणीतरी जनरेटरवाल्याच्या नावाने शिव्या घालत होतं. पंखे थांबले, घामाचा वास आला, आणि त्या वासाखालून दुसरा एक वास हळूहळू वर आला. तापलेल्या धुळीचा, लाखेचा, आणि कार्यक्रमाआधी वाल्मीक अ‍ॅम्पला ओवाळायचा त्या चाफ्याच्या उदबत्तीचा.

मग आवाज. हंऽऽ... बारीक, एकसुरी. व्हॉल्व्ह तापताना येतो तसा.

"कुणाचं चालू आहे?" ललित कुजबुजला. "लाइट नाही ना..."

खोक्यातून कुणीतरी घसा खाकरला. गिटारचे चार सूर आले. आणि मग, अगदी शेजारच्या खोलीतून यावं तसं...

"आशा... येतंय का गं?"

तिच्या तोंडून 'ये' निघालंच होतं. वर्षानुवर्षांची सवय ती! पण पुढचं अक्षर तिने दातांखाली धरलं, पदर तोंडात कोंबला. कारण त्या एका क्षणात तिला सगळं उमगलं. ओ दिली, की तो खटका खाली करणार. काम संपलं म्हणणार. आणि पुन्हा हा आवाज कुठून आणायचा?

"आशा... येतंय का?"

ती गप्प राहिली. अंधारात डोळ्यांतून धारा लागल्या होत्या, पण गप्प राहिली.

लाइट आली आणि हंऽऽ तुटलं. शेखर गिटार खाली ठेवून पुढे आला. "वहिनी... दादा..."

"गप बस," ती म्हणाली. तिने खोक्यावर तळहात ठेवला. ते चांगलं तापलेलं होतं. ललितनेही हात लावला आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला. मग त्याने काही न विचारता खोकं स्वतःच उचलून रिक्षात ठेवून दिलं. मिक्सर घ्यायचा राहिलाच.

घरी अ‍ॅम्प बाहेरच्या खोलीत ठेवला, त्याच्या जुन्या जागी. त्यानंतर रोज दुपारी लाइट गेली की तो विचारायचा. सगळं नाशिक लाइट यायची वाट बघायचं, आशाबाई जायची वाट बघायची. दुपारी दुकान शेखरवर टाकून घरी पळायची, अ‍ॅम्पपुढे जमिनीवर बसायची. तो विचारायचा, ती ऐकायची. गालांवर रंग आला होता बाईच्या. शेजारणी म्हणायला लागल्या, आशाताई, तब्येत सुधारली हो तुमची.

सासूबाई बायडाबाई घरातच होत्या. लेकाचा आवाज त्यांनी पहिल्याच दिवशी ओळखला. आधी ऊर बडवून रडल्या, मग सुनेकडे बघत राहिल्या.

"पोरी, ओ दे ना त्याला."

"नाही आत्या."

"लय थकलंय गं ते. इचारून इचारून घसा बसलाय त्याचा."

"ओ दिली तर बंद करतील ते! मग मी काय करू? तुम्ही सांगा, काय करू मी?"

एके दिवशी बायडाबाईंनीच खोक्याशी तोंड नेलं आणि म्हणाल्या, "येतंय रे बाळा. समदं येतंय." पण आईची ओ त्याला पोचली नाही. तो आपला विचारतच राहिला, आणि म्हातारी तिथेच भिंतीला डोकं टेकून बसली.

दिवाळी आली, गेली. आवाज बदलत चालला. पहिल्यासारखी त्यात मिश्किली राहिली नाही. चारातला एखादा सूर गळायला लागला, तारा उतरल्यासारख्या वाटू लागल्या. आणि एका दुपारी त्याने वेगळंच विचारलं.

"आशा... आहेस ना गं तू?"

हे मात्र तिला सोसवलं नाही. त्या दिवशी ती जेवली नाही. संध्याकाळी सासूच्या मांडीवर डोकं ठेवून म्हणाली, "आत्या, उद्या देते ओ. माझ्यासाठी किती दिवस ताटकळत ठेवलं मी त्यांना. उद्या नक्की देते."

बायडाबाईंनी तिच्या केसांतून हात फिरवला. "देवाला काळजी," एवढंच म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी आशाबाईने न्हाऊन घेतलं, केसांत गजरा माळला. दहा वर्षांत माळला नव्हता. दोघी अ‍ॅम्पपुढे बसल्या. लाइट गेली. हंऽऽ सुरू झालं. चार सूर आले, त्यातले दोनच धड. आणि मग, अगदी खोल गेलेला आवाज...

"आशा... येतंय का?"

तिने पदर सावरला, ओठ उघडले.

"येतंय!"

आवाज तिचा नव्हता. म्हणजे तिचाच होता, पण तिच्या तोंडून आलेला नव्हता. तो आला आतून, स्वयंपाकघरातून. तरणाताठा, थोडा वैतागलेला, हात पिठात असल्यासारखा.

खटका पडला. "झालं एकदाचं," अ‍ॅम्पमधून तो म्हणाला. सुटल्यासारखा हसला. आणि हंऽऽ थांबलं.

बायडाबाईंनी सुनेचं मनगट गच्च धरलं होतं. "तू तं हितंच हाय ना गं?" त्या पुटपुटल्या. "मग आत... कोन हाय?"

आत कुणी नव्हतं. ओटा कोरडा, भांडी पालथी. आशाबाईने कोनाकोपरा पाहिला, माळ्यावर पाहिलं. मग बाहेर येऊन खोक्यापुढे बसली आणि रात्र पडेपर्यंत ओरडत राहिली, "येतंय हो... अहो, मी म्हणतेय, येतंय..." खोकं थंडगार होतं. पुढे शेखरने त्यात नवे व्हॉल्व्ह आणून बसवले, वायर जोडली. त्यातून साधी खरखरसुद्धा निघाली नाही.

त्यालाही आता बरीच वर्षं झाली. बायडाबाई दिंडोरीला धाकट्या लेकीकडे राहायला गेल्या, त्या परत आल्याच नाहीत. घरात आशाबाई एकटी असते.

लाइट आता पूर्वीइतकी जात नाही, पण दुपारी गेली की स्वयंपाकघरात कुणीतरी बोलत बसलेलं असतं. दोघं. शब्द कळत नाहीत. बांगड्या वाजतात, कपबशीचा आवाज येतो, मध्येच बाई खुदकन हसते. सुरुवातीला आशाबाई धावत आत जायची. पाऊल पडलं की सगळं चिडीचूप. आत नुसता चहाचा वास.

आता ती धावत नाही. दाराबाहेर उभी राहते. पाणी प्यायचं असलं तरी आधी खाकरते, पाय वाजवते, घरात आलेल्या परक्या माणसासारखी. त्यांचं बोलणं संपेपर्यंत थांबते. परवा थांबून थांबून पाय दुखायला लागले, म्हणून तिने दाराला जरा हात टेकला. कडी किणकिणली.

आतलं हसणं थांबलं. मग तिच्याच आवाजात, घाबरून, कुणीतरी हळूच म्हणालं...

"अहो, थांबा जरा... बाहेर कुणीतरी आहे."