ओंजळ शाबूत होती

कर्जत स्टेशनासमोरच्या हौदावरच्या पाणदेवीचं तोंड रातोरात कुणीतरी छिन्नीनं तासून नेलं. सकाळी पाण्याला आलेल्या बायजेनं ते पाहिलं आणि घागर तिथंच टाकून ती बोंबलत बाजारात गेली.

फौजदार सहदेव मोकल पोचले तोवर गावानं चोर धरूनही ठेवला होता. हौदाशेजारचा तेलवाला मोहियुद्दीन. नवसाच्या गर्दीनं माझं दुकान बसलं, असं तो चारचौघांत बोलला होता. गावाला तेवढं पुरे. याला बेड्या घाला, नाहीतर आम्ही आमचं बघतो, लोक म्हणत होते. फौजदार तालुक्याला नवे, पण असल्या आयत्या चोरांचा त्यांना भारी तिटकारा.

त्यांनी आधी दगड पाहिला. प्लेगाच्या आदल्या साली गावानं हौद बांधला, तेव्हा नेहमीचं गोमुख न बसवता एक मुलगी कोरून घेतली होती. तिच्या ओंजळीतून पाणी पडायचं. पुढं कुणी कुंकू लावलं, कुणी शेंदूर, आणि बघता बघता मुलीची देवी झाली. आता चेहऱ्याच्या जागी सपाट दगड होता. भोवतीच्या वेलबुट्टीला ओरखडा नव्हता, खाली एक कपची नव्हती. ओंजळ मात्र शाबूत होती आणि पाणी पडत होतं.

हे कोरलं कुणी, त्यांनी विचारलं. धाकलू पाथरवटानं, लोक म्हणाले. देवीभोवती आता दगडी गाभारा व्हायचा होता, त्याला कुलपाचं दार, आणि ते कामही धाकलूकडेच दिलं होतं. फौजदार धाकलूच्या घरी गेले आणि त्याला बरोबर घेऊनच परतले.

"चेहरा कुणाचा कोरला होतास?"

"माज्या जिजाचा. सात वर्सांची व्हती तवा."

"देवीचा नाही?"

"देवी गावानं केली, सायेब."

"जिजा कुठं आहे?"

धाकलूनं गर्दीकडे पाहिलं. एवढ्या ओरडणाऱ्या लोकांनी नजरा चुकवल्या.

फौजदार गर्दीकडे वळले.

"मोहियुद्दीनला गर्दी नको होती. त्यानं ओंजळ फोडली असती. पाणी बंद, गर्दी बंद. हे ज्यानं केलं त्याला कुणाचं पाणी तोडायचं नव्हतं. काम सफाईचं, म्हणजे हात पाथरवटाचा. आणि नुसता राग असता तर कपच्या कुणी वेचल्या नसत्या. त्या मला याच्या घरात मिळाल्या, पोरीच्या परकरात बांधलेल्या. सोडा मोहियुद्दीनला." मग त्यांनी धाकलूला हलकेच विचारलं, "स्वतःच्या लेकीवर छिन्नी का धरलीस?"

"प्लेगात आमा दोगांना गावानं माळावरल्या झोपडीत टाकलं, भाईरून कडी घातली. मला उठवत नव्हतं. पोर पानी पानी करीत गेली. रस्त्यानं हीच मान्सं जात व्हती. आता तिच्या डोक्यावर रोज पानी घालत्यात. ते बी सोसलं, निदान डोळ्यांपुढं व्हती. पन तिला पुना कोंडनार, आनि दार मीच बांधायचं? एकदा कोंडली ती बास झाली."

फौजदार पुन्हा गर्दीकडे वळले. फिर्याद कोण देतंय, त्यांनी विचारलं. कुणी पुढं येईना. माना खाली घालून लोक मागच्या मागे सरकू लागले.

बायजा तेवढी जागची हलली नाही. तिनं ओंजळीखाली तांब्या धरला, भरला, आणि रडत रडत धाकलूपुढं केला.

धाकलूनं तांब्या परत तिच्याकडे सारला.

"तवा आनला असतास, बाय," तो म्हणाला, "तर पोरीला पाजला असता."

आणि कुणी न धरताच तो चौकीच्या वाटेला लागला.