झाकण उघडलं तेव्हाचा फोटो

हे मी रचून सांगत नाहीये. रचायचंच असतं तर स्वतःच्या घराची अब्रू चव्हाट्यावर आणली नसती. पटलं तर ठेवा, नाही तर सोडून द्या.

गेल्या वर्षी, एका सोमवारी, दुपारी सव्वातीनला हे घडलं. आमच्या फोटो स्टुडिओच्या मागच्या डार्करूममध्ये.

पुढचं दुकान दादाचं, म्हणजे माझ्या मोठ्या भावाचं. तिथे सगळं डिजिटल. पासपोर्ट फोटो पाच मिनिटांत. मागची डार्करूम बाबांनी कुलूप लावून ठेवली होती. ते दोन वर्षांपूर्वी गेले, आणि मी ती उघडली. हल्ली लोक हौसेनं पुन्हा रोलचे कॅमेरे वापरायला लागलेत ना.

दादा म्हणायचा, "हातचं सोडून पळत्याच्या मागे लागलीस."

ती खोली मुळात आईची. बाबा फोटो काढायचे, आई रोल धुवायची. मी नऊ वर्षांची असताना ती आजारी पडली. दवाखान्यात दाखल व्हायच्या आदल्या दिवशी मला मांडीवर घेऊन तिनं बाबांकडून फोटो काढून घेतले. अख्खा रोल. पंधरा दिवसांत ती गेली.

तो रोलही गेला.

दादा तेव्हा सतराचा. तो अंधारात रोल धुवायच्या चकरीवर चढवत होता, आणि मी डार्करूमचं दार उघडलं. उजेड आत शिरला, फिल्म काळी पडली. असं त्यानं सांगितलं.

मला दार उघडल्याचं आठवत नव्हतं. पण सगळेच म्हणतात म्हटल्यावर हळूहळू आठवायलाही लागलं.

बाबांनी मला त्या खोलीत पाऊल ठेवू दिलं नाही. घरच्यांचे फोटो काढायचे राहूनच गेले होते, त्यामुळे आईबरोबरचा माझा एकही फोटो नाही. तेवीस वर्षं मी हे मनात घेऊन जगले.

तर त्या सोमवारी...

एका शिक्षिकेचा रोल धुवायला घेतला होता. शाळेच्या सहलीचे फोटो. कडी लावली, दिवा घालवला. चाचपडत फिल्म चकरीवर चढवली, डब्यात बंद केली, दिवा लावला, रसायन ओतलं. दर मिनिटाला डबा हलवून टेबलावर हलकेच आपटायचा असतो, म्हणजे बुडबुडे निघतात. मी दोनदा आपटते.

ठक. ठक.

...ठक.

तिसऱ्यांदा मी आपटलाच नव्हता.

आई तीनदा आपटायची. बाहेरच्या बाकड्यावर बसून मी मोजायचे.

पळून जावं असं वाटलं. पण रोल अर्ध्यात सोडला तर वाया जातो, आणि माझ्या हातून परत कुणाचे फोटो जाऊ द्यायचे नव्हते. आठ मिनिटं तशीच काढली. दर वेळी दोन माझे, आणि तिसरा...

फिल्म धुऊन बाहेर काढली. काळी ठिक्कर. शाळा नाही, मुलं नाहीत.

फक्त शेवटच्या चौकटीत काहीतरी होतं.

फिल्म सुकेपर्यंत धीर कसा धरला ते माझं मलाच माहीत. मग ती चौकट कागदावर उतरवली आणि लाल दिव्याखाली कागद रसायनाच्या ट्रेमध्ये सोडला.

आधी बोटं उमटली...

मग हनुवटी...

मग वरून वाकून बघणारा चेहरा. दादाचा. सतरा वर्षांचा, नुकती मिसरूड फुटलेली. मागे पुढच्या दुकानातली ट्यूबलाइट, लख्ख पेटलेली. आणि चौकटीच्या कडेला कॅमेऱ्याचं मागचं झाकण, सताड उघडं.

हा फोटो कॅमेऱ्याच्या आतून निघाला होता. जिथे फिल्म असते, तिथून.

असा फोटो निघत नाही. निघूच शकत नाही.

पण मला कळायचं ते कळलं. रोल डार्करूमपर्यंत पोचलाच नव्हता. तो परत डबीत गुंडाळून न घेताच दादानं उजेडात कॅमेरा उघडला होता.

मी कुठलंच दार उघडलं नव्हतं.

कागद अजून ट्रेमध्येच होता. दादाच्या खांद्यामागे आणखी एक चेहरा उमटत होता... अगदी सावकाश.

बाबा.

ओला फोटो तसाच नेऊन मी दादाच्या काउंटरवर ठेवला. तो पासपोर्ट फोटो कापत होता. कात्री थांबली.

"हा कुठून आला?"

"तू सांग. बाबांना माहीत होतं?"

त्यानं कात्री खाली ठेवली.

"आई दवाखान्यात फोटोंची वाट बघत होती गं. मला वाटलं, रोल गुंडाळून झालाय. बाबाच म्हणाले, छोटीवर ढकल. लहान आहे, तिला कुणी बोलणार नाही."

"आणि आईला?"

"तिलाही तेच सांगितलं."

एवढं बोलून तो परत फोटो कापायला लागला. मला त्याचा राग आला, पण खरं सांगू, त्याच्यापेक्षा जास्त बाबांचा आला. दादा निदान पोरसवदा होता.

शिक्षिकाबाईंना मी सांगितलं, रोल माझ्याकडून खराब झाला. दुसरं काय सांगणार?

त्यानंतर मी त्या खोलीत गेले नाही. आईला सांगायचं होतं ते सांगून झालं, असं मी धरून चालले होते. पण बंद दाराआडची ठकठक थांबलेली नाही. अजून काय दाखवायचं राहिलंय, ते मला बघायचं नाहीये.

शेवटचं वर्षभर बाबा अंथरुणावर होते. त्यांचं सगळं मीच केलं. एका दुपारी त्यांचे पाय धरून मी रडले होते, "बाबा, माझ्यामुळे आईचा रोल गेला. मला माफ करा."

त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला होता.

"केलं माफ," म्हणाले होते.