अक्का अत्यवस्थ आहे

"तुमची मुलगी कालच घरी गेली की," शाळेच्या क्लार्कनं सांगितलं आणि हंबीरराव देसाई जागच्या जागी थिजले.

दुसरा शनिवार, भेटीचा दिवस. नेसरीहून पहाटे निघून ते आले होते. सोबत बायको शालन, धाकटी लेक संयोगिता आणि डब्यात धपाटी. थोरली प्रियदर्शनी इथं वसतिगृहात दहावीला. ती घरी गेली म्हणतात. कुठल्या घरी?

तासाभरात सब-इन्स्पेक्टर निशिगंधा चौगुले आली. जोतिबाच्या डोंगराखालची ही शाळा तिला लांबून माहीत होती. निम्मी मुलं बसनं येऊन-जाऊन करणारी, निम्मी इथंच राहणारी. गेटावर 'शिस्त हाच संस्कार' असं हातभर अक्षरांत लिहिलेलं. इतकी शिस्त आणि एक अख्खी मुलगी सापडत नाही, याचा तिला आत शिरतानाच राग आला.

वसतिगृहाच्या रेक्टर वर्षाराणी मॅडम शांत होत्या. दोन वर्षांपूर्वी नाशिकहून आलेल्या, कडक इस्त्रीच्या साडीतल्या बाई. टेबलावर मिसळीची रिकामी डिश, कडेला लाल तर्री. त्यांनी एक चिठ्ठी पुढं केली.

'अक्का अत्यवस्थ आहे. प्रियदर्शनीला न्यायला तिची आई येत आहे. कृपया पाठवावे.'

खाली हंबीररावांचं नाव. निशिगंधानं मजकूर दुमडून फक्त सही त्यांना दाखवली.

"ही माझी सही न्हाय," हंबीररावांनी हात जोडले. "बाईसाहेब, काय बी करा, पर माझी पोरगी शोधा."

"चिठ्ठी कुणी आणली, मॅडम?"

"काल चारला टेबलावर होती. मी मुलीला गेटपास दिला."

"वडिलांना फोन करून खात्री नाही केली?"

"बस सुटायची गडबड होती. मोठ्या बहिणीचं ऐकून तीही घाबरली होती." मॅडमनी आवाज खाली आणला. "खेळाच्या धैर्यशील सरांना विचारा. गुरुवारी त्यांनी तिला मैदानावर सगळ्यांदेखत झापलं. काल चारलाच ते मोटारसायकलवरून गेले. आज आलेले नाहीत."

"मुली घरच्यांशी कधी बोलतात?"

"रविवारी पाच मिनिटं. माझ्याच फोनवरून, माझ्यासमोर, स्पीकर लावून. बाकी कुणाला तिथं प्रवेश नाही. शिस्त म्हणजे शिस्त."

बाकावर बसलेली संयोगिता आईच्या पदराला झोंबली. "अक्का, पाणी." शालननं बाटली उघडून दिली. डबा अजून तिच्या मांडीवरच होता.

गेटावर वॉचमन जोतीराम आधीच गळाठला होता.

"पास घेऊन कोण गेलं?"

"शाळा सुटायचा टाइम, मॅडम. पाचशे पोरं, आठ बस. नंतर बघतोय तर पास खिळ्याला अडकवल्याला."

"मुलीला बाहेर जाताना पाहिलंत?"

"खोटं कशाला बोलू? न्हाय."

"आणि धैर्यशील सर?"

"एकलेच गेलते, सुट्टी टाकून गावाला. मागं कोन न्हवतं."

निशिगंधा वसतिगृहाच्या दारात थांबली. आत पहिल्याच खोलीवर 'सिक रूम' लिहिलेलं, बाहेरून कुलूप. बुटांच्या मांडणीवर नंबर होते. भिंतीवर नियम लावलेले. तिसरा नियम: घरी जाताना गणवेश व बूट सक्तीचे. एकेचाळीस नंबरच्या खणात प्रियदर्शनीचे काळे बूट होते, पॉलिश केलेले.

स्वयंपाकघरात तानाबाई तांदूळ निवडत होती.

"मावशी, कोण आजारी आहे का?"

"व्हय की. मॅडमच. पोट बिघडलंय म्हनं. काल सांजच्याला त्यांनीच मऊ भात नेला, आज सकाळी बी नेला. दोन्ही येळंला ताट तसंच परत आलं. शितसुदीक मोडलं न्हवतं."

निशिगंधा पुढं काही न विचारता पळत सुटली.

"सिक रूमची किल्ली द्या," तिनं रेक्टरना सांगितलं.

"तिथं रंगकाम चालू..."

"किल्ली, मॅडम!"

खोलीला रंगाचा वास नव्हता, डेटॉलचा होता. खिडक्या बंद. कॉटवर प्रियदर्शनी निपचित पडलेली, कपाळावर पट्टी, पट्टीतून सुकलेलं रक्त. नाकापाशी हात धरल्यावर अगदी हलका श्वास लागला. शालन धावली आणि लेकीचा हात धरून जमिनीवरच बसली. रुग्णवाहिकेला फोन झाला. यायला वीस मिनिटं लागणार होती, आणि ती वीस मिनिटं तिथं कुणालाच सोसवत नव्हती.

"मी काहीच..." वर्षाराणी मॅडम दाराशी पुटपुटल्या.

"मुलगी गेटाबाहेर गेलीच नाही," निशिगंधा म्हणाली. "तिचे बूट मांडणीवर आहेत. पास तुम्ही स्वतः खिळ्याला लावलात, गर्दीत. पोट बिघडलेली बाई तर्रीची मिसळ खात नाही, मॅडम. मऊ भात हिच्यासाठी होता. ही शुद्धीवर येईल याची तुम्ही वाट बघत होता."

"चिठ्ठी सरांनी लिहिली असेल."

"हंबीरराव, तुमच्या घरात अक्का कोण?"

हंबीररावांनी बायकोकडं बोट केलं. "हीच की. माझे धाकटे भाऊ हिला अक्का म्हणत्यात. ते ऐकून पोरी बी आईला अक्काच म्हणायला लागल्या."

"मी माझ्या आईला वहिनी म्हणते. आमच्याकडं असंच असतं," निशिगंधा म्हणाली. "घरचा माणूस असं लिहीलच कसं? अक्का अत्यवस्थ आणि न्यायला आई येणार? म्हणजे लिहिणाऱ्याला अक्का हा शब्द माहीत होता, पण ती कोण ते माहीत नव्हतं. प्रवेशअर्जावर आईचं नाव शालन असणार. शाळेत हा शब्द ऐकायला मिळणार तो फक्त रविवारच्या फोनवर, आणि तिथं तुमच्याशिवाय कुणाला प्रवेश नाही. चिठ्ठीत बहीण हा शब्दच नाही, मॅडम. तो तुम्ही बोललात. प्रियदर्शनीला मोठी बहीणच नाही. तीच थोरली."

वर्षाराणी मॅडम भिंतीला टेकल्या. कडक इस्त्री कुठल्या कुठं गेली.

"प्रार्थनेला उशीर झाला म्हणून काल जिन्यात उभी केली होती. उपाशी. दुपारी चक्कर येऊन पडली. सोमवारी वसतिगृहाच्या मान्यतेची तपासणी आहे. शाळेचं नाव..."

"डॉक्टर?"

"बोलावले असते तर बाहेर कळलं असतं," मॅडम खाली बघत म्हणाल्या. निशिगंधाच्या मनात हात उचलायचं आलं. तिनं तो खिशात घातला.

लांबून सायरन ऐकू आला. कॉटवरची बोटं किंचित हलली. ओठ सुटले, पण आवाज फुटेना. दुसऱ्यांदा फुटला.

"अक्का..."

"हाय की गं बाळा," शालन म्हणाली. सकाळपासूनचं तिचं हे पहिलंच बोलणं. "तुझी अक्का हितंच हाय."

दाराशी वर्षाराणी मॅडमनी मान वर करून तिच्याकडं बघितलं. दोन वर्षं दर रविवारी, स्पीकरवर, हाच आवाज त्यांनी थोरल्या बहिणीचा म्हणून ऐकला होता.