चार नंबरची टाकी

ही हकीकत मी थोरल्या मामाच्या तोंडून तीनदा ऐकली आहे. थाप मारणारा माणूस दर खेपेला थोडा मीठमसाला वाढवतो. मामाच्या सांगण्यात तिन्ही वेळा एक शब्दही इकडचा तिकडे झाला नाही. म्हणून मी ती खरी मानतो. तुम्ही काय मानायचं ते शेवटी ठरवा.

भुताखेतांच्या गोष्टी रात्रीच्या असतात. ही भर दुपारची आहे. दोन वाजून दहा मिनिटांची.

मामा मालवाहू जहाजावर फिटर होता. त्याच जहाजावर इंजिनांना तेलपाणी करायला त्याचा सख्खा भाऊ होता, म्हणजे माझा धाकटा मामा. अंगाने काडीसारखा, म्हणून त्याला सगळे बारक्या म्हणायचे. जोराचा वारा सुटला की कुक विचारायचा, "फिटर, भावाला बांधून ठेवलंय ना?" बारक्याला मामानेच आग्रहाने जहाजावर आणलं होतं. निघताना आजीने मामाला एवढंच सांगितलं होतं, "नेतोयस तसा परत आण."

बंदर सोडल्याच्या पाचव्या दिवशी पहिली गडबड झाली.

इंधनाचा व्हॉल्व्ह कुणीतरी बंद केला. दोन खलाशांनी सांगितलं, चीफ इंजिनियरनेच केला, आम्ही डोळ्यांनी पाहिलं.

पण चीफ... तापाने फणफणून केबिनमध्ये पडला होता. कुक त्याच्या उशाशी बसून होता.

सहाव्या दिवशी सुकाणूची केबल कापली गेली. कापताना दिसला इलेक्ट्रिशियन. लोकांनी त्याला जेवणघरात धरलं आणि लाथाबुक्क्यांनी तुडवलं. त्याची तीन बोटं मोडली, एक डोळा सुजून मिटला. मामा घसा फोडून ओरडत होता, "अरे, हा तासभर माझ्याबरोबर जेवतोय!" कुणी ऐकलं नाही.

तो रक्ताच्या गुळण्या थुंकत असतानाच... जिन्यावरून दुसरा इलेक्ट्रिशियन खाली आला.

कपडे तेच, चालही तीच. बोटं मात्र धड.

लोकांनी त्याला अडवून बायकोचं नाव विचारलं. त्याने बरोबर सांगितलं. सासऱ्याचंही सांगितलं. मग तो हसला आणि वळून चालू लागला. चार जण मागे धावले. वळणापलीकडे कुणीच नव्हतं.

सातव्या दिवशी सकाळी चीफच्या हाताखालचा तिसरा इंजिनियर इंजिनघरात मेलेला सापडला. डोकं फोडलेलं. दोन जणांनी कप्तानाला तिथून निघताना पाहिलं होतं, आणि कप्तान तर त्या वेळी वर सुकाणूपाशी पाच जणांसमोर उभा होता.

कप्तानाने फर्मान काढलं. यापुढे कुणीही एकटा फिरायचं नाही. जोडीदाराला क्षणभरही नजरेआड करायचं नाही.

मामा आणि बारक्या अर्थातच एका जोडीत.

आठव्या दिवशी जहाज एका बाजूला कलू लागलं. जहाजाच्या पोटात समुद्राचं पाणी भरायच्या टाक्या असतात, तोल राखायला. चार नंबरची टाकी भरतच नव्हती. आतला व्हॉल्व्ह कुणीतरी ठोकून वाकवला होता. जेवणघरातली ताटं टेबलावरून घसरायला लागली.

टाकीचं तोंड अरुंद. आत जाईल असा एकच माणूस, बारक्या.

टाकीत उतरायचा एक कडक नियम आहे. उतरणाऱ्याने आपला पितळी बिल्ला टाकीच्या तोंडाशेजारच्या खिळ्याला लावायचा. बाहेर आल्यावर स्वतःच्या हाताने काढायचा. खिळा रिकामा दिसल्याशिवाय झाकण लावायचं नाही. आणि तोंडाशी बसलेल्या माणसाने जागा सोडायची नाही, आकाश कोसळलं तरी.

बारक्याने बिल्ला लावला. "दादा, बाहेर आल्यावर चहा तुझ्याकडून," म्हणाला आणि आत उतरला.

वीस मिनिटं ठोकाठोक ऐकू येत होती. मग आवाज आला, "झालं रे!"

झाकणाखाली घालायचं रबर मामाच्या लक्षात आलं. जुनं फाटलं होतं. नवं पंधरा पावलांवरच्या कपाटात होतं.

मामा उठला. दोन मिनिटं, फार तर दोन मिनिटं लागली.

परत आला तेव्हा खिळा रिकामा होता. बारक्या बाहेर उभा राहून बिल्ला खिशात टाकत होता.

मामाने विचारही केला नाही. खिळा रिकामा, माणूस समोर. दोघांनी मिळून झाकण बसवलं, एकेक पाना घेऊन चोवीस नट आवळले. मामाने इंजिनघरात फोन केला, "पंप सोडा."

पाणी खळाळत टाकीत शिरलं.

आणि मग...

ठक. ठक. ठक.

आत अडकलेल्या माणसाने द्यायचे तीन ठोके.

मामाने झाकणाला कान लावला. त्याने बारक्याकडे पाहिलं.

"पाइपात हवा अडकली असेल," बारक्या म्हणाला.

ठक. ठक. ठक.

आणि लोखंडाआडून, दबलेला, रडवेला... "दादा!"

जहाजावर मामाला दादा म्हणणारा एकच माणूस होता.

मामाने फोनकडे हात नेला. बारक्या मध्ये आला. "दादा, पंप थांबवलास तर जहाज उलटेल. आत तोच आहे. त्याला हेच हवंय."

"लहानपणी माझ्या पायावर काय पडलं होतं?"

"लोखंडी पेटी. मी ढकलली होती. तू आईला सांगितलं नाहीस."

बरोबर होतं. पण इलेक्ट्रिशियनच्या बायकोचं नावही बरोबरच होतं.

आत आरडाओरडा सुरू झाला. "दादा, पाणी कमरेला आलंय! दादा, काढ मला!"

चार नंबरची टाकी अकरा मिनिटांत भरते. सहा होऊन गेली होती.

मामाला त्या क्षणी एकच गोष्ट सुचली. बाहेरचा शांत होता, आतला रडत होता. जो मरतोय तोच आपला. त्याने पाना उचलला आणि नटांकडे वळला.

बारक्याने झाकणावर अंग टाकलं. दोन्ही हातांनी झाकण कवटाळलं.

"दादा, नको उघडू."

मामाने पहिला घाव खांद्यावर घातला, नुसता बाजूला करायला. हाड मोडल्याचा आवाज आला. तो हलला नाही. दुसरा पाठीत. तिसरा कोपरावर. हात लुळा पडला, तरी दुसऱ्या हाताने तो चिकटून होता.

आतून आवाज आला, "दादा, गळ्याशी आलंय!"

मग मामाने डोक्यावर मारलं.

एकदा मारलं आणि थांबता आलं नाही. रक्त उडून मामाच्या तोंडात गेलं. कवटीचा चुरा होईपर्यंत तो मारत राहिला. शेवटी ते शरीर झाकणावरून घसरलं आणि कललेल्या फरशीवर भिंतीपर्यंत घरंगळत गेलं.

मामाने फोनमध्ये ओरडून पंप थांबवला. रक्ताने नट हातातून निसटत होते. चोविसावा निघाला, झाकण सरकलं आणि आतून एक ओला हात वर आला.

बारक्या होता. गळ्यापर्यंत भिजलेला, थरथर कापणारा. खिशात बिल्ला नव्हता. मामाने त्याला उराशी धरलं आणि लहान मुलासारखा हमसून रडला.

बारक्याने मामाच्या खांद्यावरून भिंतीकडे पाहिलं. तिथे पडलेला देह त्याचाच होता. चेहरा उरला नव्हता, पण कपडे त्याचे, हात त्याचे.

तो दचकला नाही.

मामाच्या कानाशी म्हणाला, "मला ठाऊक होतं, तू माझ्यासाठीच उघडशील."

माणसं धावत आली. सगळे वाट पाहत होते, की मेल्यावर ते आपल्या खऱ्या रूपात येईल. अर्धा तास पाहिली.

ते बारक्याच राहिलं.

कप्तानाने ते कापडात गुंडाळून समुद्रात टाकायला लावलं. टाकी भरली, जहाज सरळ झालं. त्या दिवसापासून एक नटसुद्धा सैल झाला नाही. सगळे म्हणाले, सुटलो. मामाही म्हणाला. आजीने दोघांना दारात पाहिलं आणि बारक्याच्या पाठीवरून कितीतरी वेळ हात फिरवला.

याला आता बावीस वर्षं झाली. धाकटा मामा आमच्यातच असतो. मायाळू आहे, घरात सगळ्यांचा लाडका आहे. आजीचं शेवटचं आजारपण त्याने एकट्याने काढलं. त्याच्याविषयी वाईट बोलायला माझ्याकडे काहीही नाही.

गेल्या महिन्यात तिसऱ्यांदा ही गोष्ट सांगून झाल्यावर मी थोरल्या मामाला सरळ विचारलं, "मग अडचण काय आहे? आपला माणूस परत आला ना?"

मामाने आपल्या हातांकडे पाहिलं.

"मी अकरा घाव घातले," तो म्हणाला. "दुसरा पाना त्याच्या हाताशीच पडला होता. तिसऱ्या इंजिनियरचं डोकं ज्याने फोडलं, त्याला मला मारायला कितीसा वेळ लागला असता? त्याने पान्याला हातही लावला नाही. नुसता झाकण धरून राहिला. मला वाचवायला."



शेजारच्या खोलीत धाकटा मामा माझ्या मुलीला दोरीला गाठ मारायला शिकवत होता. ती खिदळत होती, तो हळू आवाजात काहीतरी समजावत होता. खोलीचं दार लोटलेलं होतं.

मी उठलो, दार सताड उघडलं आणि तिथेच उंबऱ्यात बसून राहिलो.