भिंतीवरचे दोन ठोके

"ती मला बोलवत होती, आणि मी गेलो न्हाय," सरोजिनीकाकू म्हणाल्या. 

समोर बसलेल्या खासगी तपासनीस तेजस्वीनं वही उघडली. तिचा मदतनीस बंडू, एकेकाळी तालमीत घाम गाळलेला आणि डोक्यानं जरा सावकाश चालणारा गडी, त्यानं दार लागलंय ना ते बघून घेतलं.

उचगावातल्या या जोडघरात भिंतीपलीकडे संघप्रिया राहायची. पस्तीस वर्षांची मैत्री. रोज सकाळी सहाला ती स्वयंपाकघराच्या भिंतीवर बत्त्याचे दोन ठोके द्यायची. चहा ठेवलाय, असा त्याचा अर्थ. पूजा उरकून काकू अर्ध्या तासानं जात. महिन्यातला एक दिवस तेवढा सुना. त्या दिवशी संघप्रिया विहारातून परतेपर्यंत चहाला शिवत नसे. नऊ दिवसांपूर्वी ठोके पडले, काकू गेल्या नाहीत, आणि साडेसातला संघप्रिया जिन्याच्या पायथ्याशी मरून पडलेली सापडली. पाय घसरला, असं सगळे म्हणाले. तेव्हापासून सहा वाजायला आले की काकू कानांत बोटं घालून मोरीत जाऊन बसत.

"का गेला नाहीत?"

"आदल्या दिवशी भांडलोवतो. तिच्या माडीवरच्या भाडेकरूवरनं. गुरुप्रसादला घर मीच बघून दिलंवतं. पोलिसांच्या भाडेकरू फॉर्मला त्यो फोटो देत न्हाय, उद्या चौकीत सांगतो, असं ती म्हणाली. मी म्हटलं, माझ्या शब्दाला किंमत न्हाय व्हय?" काकूंनी पदर तोंडाशी धरला. "पोरी, एवढंच सांग. पडल्यावर ती मला हाका मारत होती का? माझ्या रुसव्यानं मेली का ती?"

संघप्रियाचा भाचा संघर्ष पलीकडेच होता. "पौर्णिमेच्या वंदनेला न्यायला आलतो. दार नुसतं लोटलेलं. आत्या पांढरी साडी नेसून तयार होती, आणि..." त्यानं जिन्याच्या पायथ्याकडे बोट दाखवलं.

"घर आता याचंच," बंडू बाहेर येताच कुजबुजला. "ह्योच की!"

गुरुप्रसाद माडीवरून स्वतःच खाली आला. मऊ बोलणारा, नीटनेटका. तो तेजस्वीआधी आपल्या दारात उभ्या असलेल्या काकूंकडे वळला. "काकू, सांगितलंत ना यांना? सहाचा ठोका तुम्ही ऐकलात ते?"

हे तो काकूंना रोज विचारत होता. काकूंना उगाचच अंग आकसून घ्यावंसं वाटलं.

"तुम्हीही ऐकलात?" तेजस्वीनं विचारलं. बंडू बाजूला मोबाईलशी चाळा करत उभा होता.

"हो तर. ठोका ऐकून निघालो, सव्वासहाची जयसिंगपूरची एसटी धरली. कंडक्टर ओळखतो मला."

"रोज ऐकू यायचा?"

"रोज. त्या गेल्या तेव्हा मला येऊन तीन आठवडे झाले होते. एक दिवस खाडा नाही."

दुसऱ्या दिवशी दुपारी तेजस्वीनं सगळ्यांना काकूंच्या स्वयंपाकघरात बसवलं. बंडू दाराला टेकून उभा राहिला.

"काकू, ते ठोके संघप्रियाताईंचे नव्हतेच," ती म्हणाली.

काकूंनी वळून भिंतीकडे पाहिलं.

"त्या दिवशी पौर्णिमा होती. विहारात जायच्या आधी त्या चहा ठेवत नसत. आधी रुसव्यात आणि मग दुःखात तुम्ही तिथी विसरलात, एवढंच. आणि मदतीची हाक म्हणाल, तर जिन्याखाली पडलेलं माणूस स्वयंपाकघरात जाऊन मोजून दोन ठोके देईल का? कुणीतरी दुसऱ्यानं दिले. सहाला त्या जिवंत होत्या, असं वाटावं म्हणून."

"पण कुणी?" बंडूनं विचारलं.

"ज्याला ठोका माहीत होता, पण पौर्णिमेची शांतता माहीत नव्हती. संघर्ष तर पौर्णिमेसाठीच आला होता. तुमच्या त्याआधीच्या तीन आठवड्यांत मात्र एकही पौर्णिमा आली नव्हती, गुरुप्रसाद. म्हणून तुमचा खाडा नाही. पहाटे तुम्ही त्यांना ढकललंत, सहापर्यंत प्रेताशेजारी थांबलात, बत्ता वाजवलात आणि साक्षीला कंडक्टर मिळावा म्हणून गाडी धरलीत."

"कशासाठी मारीन मी?" तो हसला, पण ओठ पांढरे पडले होते.

"फोटोसाठी. त्यावरून संघप्रियाताई चौकीत जाणार होत्या. काल बंडूनं तुमचा काढला. चौकीत तो ओळखला गेला. दुसऱ्या नावानं तुम्ही दोन वर्षं फरार आहात."

गुरुप्रसादनं उडी मारली. ओट्यावरची विळी त्याच्या हाताशी आली तेव्हा काकूंचा चेहरा वीतभरावर होता.  पण बंडूनं मागून कंबरेला मिठी घालून त्याला उचललं आणि फरशीवर आपटलं. "गप पड की!" बाहेर थांबलेले हवालदार धावत आत आले.

त्याला नेल्यावर काकू भिंतीला टेकून खाली बसल्या. संघप्रिया गेल्यापासून याच माणसाला त्यांनी रोज आपल्या हातानं चहा दिला होता.

"तिनं तुम्हाला हाक मारली नव्हती, काकू," तेजस्वी हळूच म्हणाली. "तुमच्या न जाण्यानं काही बिघडलं नाही."

"व्हय," काकू म्हणाल्या. मग भिंतीकडे तोंड करून हमसून रडू लागल्या. "पण भांडणात तिचंच खरं होतं की गं. आता हे तिला कुठं जाऊन सांगू?"