माणशी पाचशे

लाईट गेलीच आहे तर ऐका. हसू नका. भूपेंद्र माझ्या सख्ख्या साळ्याचा पोरगा, आपल्याच लाखांदूरचा.

भंडाऱ्यात त्यानं कोसा साड्यांचं दुकान टाकलं. गिऱ्हाइकावर छाप पडावी म्हणून घरही तसंच शोधलं : सहावा मजला, लिफ्ट, चकचकीत फरशी, बाल्कनीतून वैनगंगा. शेजारच्या फ्लॅटला भाडं बावीस हजार, ह्याला नऊ! डिपॉझिट मात्र साठ हजार, न् मेंटेनन्स माणशी पाचशे.

"अजी, येवढं स्वस्त काहून?" त्याची बायको करुणा म्हणाली.

"तुले महाग पाहिजे का?"

पहिल्या महिन्याचं मेंटेनन्स आलं दोन हजार. घरात माणसं तीन : हा, करुणा आणि सात वर्षांची रुपा. भूपेंद्र तणतणत चौकीदाराकडे गेला.

"चिंधू, मले चुना लावून राहिला का बे?"

चिंधूनं रजिस्टर पुढं केलं. "मी कायले लावू, भाऊ? रोज राती चार जन वर जातेत. आजी तुमच्या मागंमागंच तं राहते."

"कोनती आजी?"

चिंधूनं रजिस्टर मिटलं.

चोर आहे साला, भूपेंद्रनं ठरवलं.

गेल्या वर्षीच्या पोळ्याची रात्र. सव्वाअकरा. नातेवाइकांकडे जेवून तिघं परतले. "मोज बे, तीन!" भूपेंद्र गेटवरच ओरडला. चिंधूनं मान खाली घातली.

लिफ्टमध्ये शिरले. रुपा कोपऱ्यात सरकली.

"काहून सरकली वं?"

"आजीले जागा..."

दुसरा मजला. तिसरा...

रुपाचा एक हात आईच्या हातात. दुसरा हात... वर. कोणी धरल्यासारखा.

सहावा. दार उघडलं. कोणी उतरलं नाही.

भूपेंद्रनं खालचं बटन दाबलं. सामान राहिलं. साठ हजार राहिले. रात्र बसस्टँडवर काढली. पहाटे लाखांदूरची पहिली एसटी सुटली, तेव्हा कुठं त्यानं श्वास सोडला.

"एक फुल, दोन हाफ."

कंडक्टरच्या मशीनमधून तिकिटं निघाली चार.

"चार कायले, भाऊ?"

"तुमी तिघाईचेच द्या. आजीले फुकट आहे, पंच्याहत्तरच्या वर. आधार दाखवलं ना तिनं..."

...

मशीनच्या तिकिटाची शाई दोन महिन्यांत उडते. तिघांची कोरी पडली. चौथं भूपेंद्र घरात ठेवेना, म्हणून माझ्या खिशात आहे. मोबाईलचा उजेड धरा. हं... काळं कुळकुळीत. ज्येष्ठ नागरिक, एक. रुपये शून्य.

आता कुठपर्यंतचं आहे, तेवढं वाचा.