मंगळवारी येते म्हणाली

बसा. आसावरी, तो मोबाईल उलटा ठेव, उजेड डोळ्यांत येतो. आणि प्रितम, मध्येच हसायचं असेल तर आत्ताच गच्चीवरून खाली जा. बत्तीस वर्षं ठाण्याला खोपटच्या एसटी डेपोत मी हजेरीचं पुस्तक सांभाळलंय. तारीख आणि वेळ मी हवेत सांगत नाही.

ज्याच्यावर हे गुदरलं तो प्रणित आमच्याच वर्कशॉपला मेकॅनिक. कोलशेतच्या गावठाणात, खाडीच्या अंगाला त्याचं घर. आता आजूबाजूला टॉवर झालेत, पण त्याच्या मागच्या दारातून अजून खाडीच दिसते.

११ फेब्रुवारी २०२४, रविवार. संध्याकाळी पावणेसहाला प्रणित नाक्यावर चार्जर आणायला गेला. वहिनीच्या फोनचा चार्जर दुपारीच मेला होता, आणि रविवारी सात वाजता तो फोन चालू नसला तर त्या घराचा आठवडा फुकट जायचा. थोरला भाऊ साईनाथ फौजेत. पार वर, बर्फातल्या चौकीवर. नोव्हेंबरात वाट बंद झाली की एप्रिलपर्यंत माणूस खाली उतरत नाही. आठवड्यातून एकदा सॅटेलाईट फोनवर पाच मिनिटं मिळायची. त्या पाच मिनिटांत बायको समीक्षा, सात वर्षांची श्रिया, प्रणित आणि आई मंजुळाबाई, अशी वाटणी.

फक्त मंजुळाबाई आता नव्हती. १२ डिसेंबरला पहाटे, झोपेतच गेली बिचारी. आणि हे साईनाथला कुणी सांगितलं नव्हतं.

नाक मुरडू नका. फौजी घरांतली ही रीतच आहे. वर असलेल्या माणसाला वाईट बातमी द्यायची नाही. पोर तापाने फणफणतंय, छप्पर गळतंय, काहीही असो, फोनवर एकच वाक्य: सगळं मस्त आहे. त्याच्या पायाखाली दरी, खांद्यावर बंदूक, त्यात डोक्यात घरचं नको. समीक्षाने लग्नाची दहा वर्षं हेच केलं होतं, आणि मायेनेच केलं होतं. ती म्हणाली, "भाऊजी, हे आत्ता निघू शकणार नाहीत. नुसते तिथे बसून रडतील. उतरले की सांगू." प्रणितला पटलं. मलाही पटलं असतं.

मग दर रविवारी आई देवळात गेलेली असायची, नाहीतर झोपलेली, नाहीतर मामाकडे मोहन्याला गेलेली. श्रियासुद्धा तयार झाली होती. "आजी बाजारात गेलीय," न अडखळता सांगायची. पोटच्या पोरीला बापाशी खोटं बोलायला शिकवायचं, समीक्षाचं काय होत असेल बघा. असे आठ रविवार निभावले. हा नववा.

सात वाजून चार मिनिटांनी फोन वाजला. पहिला नंबर श्रियाचा. शाळा, चित्रकला, पडलेला दात, सगळं सांगून झालं. मग तिने फोन आईपुढे धरला.

"मम्मी, पप्पा बोलतात आजीला बोलवू नका."

समीक्षाने स्पीकर लावला. साईनाथ खुशीत होता.

"अगं, झोपू दे तिला. माझं तिच्याशी रोज बोलणं होतंच."

"कुठे होतं?"

"इथल्या फोनवर. रात्री दोन ते चार माझा पहारा असतो ना, तेव्हाच येतो तिचा. कसा लावते काय माहीत. प्रण्यानेच शिकवलं असणार."

इथला फोन म्हणजे काय ते घरात सगळ्यांना ठाऊक होतं. मागच्या सुट्टीत साईनाथनेच श्रियाला चित्र काढून दाखवलं होतं. वरच्या चौकीत एक डबा, खालच्या चौकीत दुसरा डबा, मधे तार. बस. त्याला बाहेरची लाईन नाही. ठाण्यातून काय, दिल्लीतूनही तो फोन लागत नाही. पण हे त्याचं त्यालाच खटकत नव्हतं. एवढ्या उंचीवर हवा विरळ, माणसाचं डोकं साध्या गोष्टीत चुकतं म्हणतात.

प्रणितने फोन हातात घेतला. "काय... काय बोलते ती?"

"जेवलास का, थंडी आहे का. तेच. काल म्हणाली, मंगळवारी येते तुला न्यायला. मी हाक मारीन, तू बाहेर ये. म्हटलं वेडी आहेस का. तू समजाव रे तिला. हे चढायचं तिचं वय आहे का?"

आता रात्री हाक आली तर तिसऱ्या हाकेपर्यंत ओ द्यायची नाही, हे तुम्हा पोरांनाही माहीत आहे. साईनाथ तर खाडीकाठी वाढलेला. पण ती खबरदारी मेलेल्यांसाठी. जिवंत आईने हाक मारली तर कुठला मुलगा तीन मोजत उभा राहील? आणि त्याच्या लेखी आई जिवंत होती. या घरानेच तिला जिवंत ठेवलं होतं.

दीड मिनिट उरलं होतं. एक वाक्य बोलायचं होतं, तीन शब्दांचं. समीक्षाने श्रियाचे कान दोन्ही हातांनी झाकले आणि प्रणितला मान हलवून खुणावलं. सांग.

"दादा..."

"बोल ना."

"..."

"अरे बोल, वेळ संपतोय."

"सांभाळून राहा, दादा."

फोन कट झाला.

काय म्हणालीस, आसावरी? का नाही सांगितलं? पोरी, खोटं दोन महिने लांबलं की खरं बोलायला वेगळी छाती लागते. ती त्याच्याकडे नव्हती. मला राग येतो त्याचा, अजून येतो. पण मी त्याच्या जागी असतो तर मीसुद्धा 'सांभाळून राहा'च म्हटलं असतं.

सोमवारी सकाळी त्याने पलटणीच्या खालच्या ऑफिसात फोन लावला. एका हवालदाराने उचलला. प्रणितने सांगितलं, साईनाथची आई वारली, त्याला कळवा.

"माताजी कब गुज़रीं?"

"बारह दिसंबर को."



"दो महीने हो गए, भाई. बताया क्यों नहीं? दिसंबर में मौसम खुला था. हेलिकॉप्टर से उतार लेते."

प्रणित भिंतीला टेकून खाली बसला. हवालदार म्हणाला, आता वर वादळ आहे, लाईन बंद आहे, सुरू झाली की पहिला निरोप हाच देतो. भला माणूस होता. प्रणितने धीर करून म्हटलं, "उनको मंगलवार की रात अकेला मत छोड़ना."

"क्यों?"

आता सरकारी माणसाला काय सांगायचं? "बस... ऐसे ही," म्हणून त्याने ठेवला.

मंगळवारी समीक्षा दिवसभर फोन मांडीवर घेऊन बसली. निरोप पोचल्याचं कुणी कळवलं नाही. रात्री कधीतरी तिचा डोळा लागला. श्रिया तिच्या कुशीत. दीड वाजता प्रणित उठला, बाहेरून कुलूप लावलं, किल्ली खिशात टाकली आणि खाडीवर निघाला. घड्याळात बुधवार लागला होता, पण आपल्यात सूर्य उगवेपर्यंत मंगळवारच.

आईच्या अस्थी त्याने जेट्टीवरूनच सोडल्या होत्या. तिथेच जाऊन उभा राहिला. भरती चढत होती. होड्या एकमेकींना घासत होत्या. पलीकडे टॉवरचे दोन-चार दिवे. बाकी काळोख.

त्याने हात जोडले.

"आये, त्याला नको नेऊस. त्याला पोर आहे. मी रिकामा आहे, मला ने."



दोन वाजले. सव्वादोन. वारा पडला. होड्यांचा आवाज थांबला. पाणी तसंच चढत होतं, पण आवाज नाही...

"सावकाश."

आईचाच आवाज. हातभर अंतरावरून.

प्रणितची मान वळेना. ती त्याच्याशी बोलत नव्हती.

"पाय बघून टाक, बाला."

...

"हात दे."

...

"मी आहे ना. घाबरतोस कशाला?"

...

दुसऱ्या कुणाचा आवाज नाही. ती तेवढी बोलत होती. थांबत होती. ऐकत होती. पुन्हा बोलत होती. एखाद्याला उतरणीवरून खाली आणावं तशी.

"दादा," प्रणित ओरडला. "दादा, मागे फिर. आई गेलीय. ऐकतोस का? आई गेलीय रे, दादा. आई गेलीय."

दोन महिने जे वाक्य तोंडातून निघालं नाही, ते त्याने पंचवीस वेळा म्हटलं असेल. पाण्याला.

मग वारा सुटला. होड्या घासायला लागल्या. आवाज गेला होता.

बुधवारी सकाळी अकरा चाळीसला पलटणीच्या साहेबांचा फोन आला. चार वाजता पहारा बदलायला जवान गेला तेव्हा साईनाथ जागेवर नव्हता. बंदूक भिंतीला टेकवून ठेवलेली. फोनचा रिसीव्हर लोंबकळत होता. उतारावर पावलं होती, एकाचीच, आणि पावलांच्या शेवटी तो. थंडीने, म्हणाले. उंचीवर असं होतं, म्हणाले. लाईन सकाळी सहाला सुरू झाली आणि हवालदाराने शब्द पाळला. आई गेल्याचा निरोप वर पोचला. सहाला.

गावात लोक म्हणतात, मायलेकरांची भेट झाली. मला हे समाधान पटत नाही. समीक्षा आता कुणाशी फारशी बोलत नाही. 'हेलिकॉप्टरने उतरले असते' एवढंच कधीतरी म्हणते, तेही स्वतःशी. आणि फोन वाजला की श्रिया उठून आतल्या खोलीत जाते आणि दार लावून घेते.

एक गोष्ट प्रणितने कुणाला सांगितली नव्हती. माझ्या निवृत्तीच्या दिवशी, वर्कशॉपच्या मागे, मला सांगितली.

त्या रात्री तो जेट्टीवरून तीनच्या सुमाराला परतला. कुलूप जसंच्या तसं. किल्ली त्याच्याच खिशात. मायलेकी झोपलेल्या. पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेला, दिवा लावला.

जमिनीवर पाट मांडलेला. पुढे ताट. ताटात चार घास भात उरलेला, कोमट. आणि ताटाच्या कडेला माशाचे काटे. अगदी बारीकसुद्धा. लहान मुलाला भरवताना काढतात तसे, एकेक वेचून, ओळीने लावलेले.

माघी गणपती होता त्या दिवशी. अख्ख्या आळीत कुणाच्या घरी मासळी शिजली नव्हती.